बेडकाचा पाय, आतड्याची पकड आणि मधला माणूस

दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनमध्ये सर्जनची बोटं पोटात जातच नाहीत. आत जाते ती साधारण पाच मिलिमीटर जाडीची, फूटभराहून थोडी लांब अशी एक दांडी आणि तिच्या टोकाला असलेला छोटासा जबडा. हा जबडा आतडं बाजूला धरतो, पित्ताशय वर उचलून धरतो, टाका घालताना कड पकडून ठेवतो. या अवजाराला ग्रास्पर म्हणतात. पकड सैल पडली तर ऊती निसटते आणि पुन्हा धरावी लागते. पकड जास्त घट्ट झाली तर ऊती चेंगरते. आतड्याला झालेली इजा तिथल्या तिथे दिसली तर टाके घालून दुरुस्त करता येते. पण ग्रास्परचं टोक बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असतं, त्यामुळे इजा सुटून जाऊ शकते. मग काही दिवसांनी पेशंट ताप आणि पोटदुखी घेऊन परत येतो, तोवर आतड्यातली घाण पोटात पसरलेली असते, आणि प्रकरण जिवावर बेततं.

म्हणजे या दोन-अडीच सेंटिमीटरच्या टोकाचं डिझाइन हा काही नुसता मेकॅनिकलवाल्यांचा खेळ नाही. पण संशोधन म्हणून त्याकडे पाहिलं तर एक गंमत दिसते: 'आमची पकड चांगली आहे' असं सांगणारे पेपर भरपूर, आणि 'चांगली म्हणजे काय' याची व्याख्या मात्र पेपरागणिक वेगळी. म्हणून आज एकच पेपर घेऊन तो नीट वाचून पाहू.

पेपर आहे २०१५ सालचा, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या 'अप्लाइड मटेरियल्स अँड इंटरफेसेस' या जर्नलमधला. चीनमधल्या बैहांग विद्यापीठातल्या ह्वावेई चेन आणि सहकाऱ्यांचा. विषय: झाडावरच्या बेडकाच्या पायाची ओली पकड पाहून सर्जिकल ग्रास्परसाठी पृष्ठभाग तयार करणं. बायो-इन्स्पायर्ड काहीतरी करायचंय असं ज्यांच्या मनात असतं, त्यांना हा पेपर लगेच आवडतो. मलाही आवडतो. टीका करायला असाच पेपर घ्यावा. वाईट पेपरच्या चुका शोधून फारसं काही शिकायला मिळत नाही.

आधी जरा आकडेमोड

पेपरकडे जायच्या आधी कागद-पेन घ्या. हे गणित बारावीचं आहे, पण ते केल्याशिवाय पुढची टीका हवेत राहील.

समजा सर्जनला ऊती ५ न्यूटन बलाने ओढायची आहे. म्हणजे साधारण अर्धा किलो वजन लटकवल्यासारखं. दोन जबड्यांमध्ये ऊती धरलेली आहे, म्हणजे घर्षण दोन्ही बाजूंनी मिळतं. ओल्या, बुळबुळीत ऊतीवर घर्षण गुणांक ०.२ धरू. मग निसटू नये म्हणून प्रत्येक जबड्याने किमान १२.५ न्यूटन लंब बल लावायला हवं. जबडा ५ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर. दाब निघतो १२५ किलोपास्कल.

हा दाब किती? रक्तदाबाच्या भाषेत सांगायचं तर सुमारे ९४० मिलिमीटर पारा. आपला वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असतो, आणि केशवाहिन्यांमधला तर त्याहून पुष्कळच कमी, तीसेक मिलिमीटर. म्हणजे जबड्याखाली जेवढी ऊती आहे तिथला रक्तपुरवठा पकड असेपर्यंत बंद. पकड किती जोरात आहे एवढाच प्रश्न उरत नाही, ती किती वेळ आहे हाही तितकाच मोठा प्रश्न होतो.

आता गुणांक ०.२ ऐवजी ०.४ झाला असं धरा. लागणारं बल निम्मं, दाबही निम्मा: ६२.५ किलोपास्कल. बेडकाच्या पायाचं सगळं आश्वासन या एका ओळीत आहे. घर्षण वाढवा, दाब कमी करा, ऊती वाचवा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली, १२५ हा सरासरी दाब आहे. प्रत्यक्षात जबडे कात्रीसारखे एका खिळीभोवती फिरतात. जाड ऊती धरली की ते समांतर राहत नाहीत, आणि बल एका भागावर गोळा होतं. एक तृतीयांश भागावरच ते आलं तर तिथला दाब तिप्पट, ३७५ किलोपास्कल. ऑस्ट्रेलियातल्या कार्टमिल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली लॅप्रोस्कोपिक ग्रास्परच्या टोकाशी मोठे दाब तयार होतात हे सांगणारा पेपर लिहिला होता. ग्रास्परवर काम करायचं असेल तर तो शोधून वाचाच. दुसरी गोष्ट, उघड्या जबड्यांचा आकार पाचरीसारखा असतो, आणि पाचर ऊतीला बाहेर ढकलते. साध्या हिशोबाने, घर्षण गुणांक ०.२ असेल तर दोन जबड्यांमधला कोन साधारण २२-२३ अंशांच्या पुढे गेला की नुसत्या घर्षणावर ऊती टिकत नाही. कितीही दाबा, ती पुढे सरकत निसटणारच. ओला साबण मुठीत दाबल्यावर होतं तेच. दात असलेले जबडे आले ते यासाठीच. दात ऊतीत रुततात आणि ती अडकून राहते, तिथे काम घर्षणाच्या पलीकडे गेलेलं असतं.

पेपरचं बरोबर काय

आता चेन यांच्या पेपरकडे. त्यांची सुरुवातच चांगली आहे. ओल्या वातावरणात निसटू नये म्हणून जास्त जोराने धरावं लागतं, आणि त्यामुळे मऊ ऊतीला इजा होण्याची भीती असते, असं ते म्हणतात. म्हणजे 'जास्त घट्ट धरणारं टोक' हे त्यांचं ध्येय नाही. 'कमी जोरात तेवढंच धरणारं टोक' हे ध्येय आहे. वाचताना हा फरक बारीक वाटतो, पण बरेच जण इथेच घसरतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'टू इम्प्रूव्ह ग्रिपिंग फोर्स' असं वाक्य असेल तर ते आत्ताच खोडा. ग्रिपिंग फोर्स वाढवायला संशोधन लागत नाही, हँडल जोरात दाबलं की झालं.

दुसरं, त्यांनी बेडकाच्या पायाचं नुसतं नाव घेतलेलं नाही. पायाच्या पेशींची रचना पाहिली, कोणत्या दिशेने ओढलं की घर्षण किती बदलतं ते पाहिलं. झाडावरच्या बेडकांच्या बोटांखालच्या गाद्यांवर साधारण १० मायक्रोमीटरच्या षटकोनी पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये अगदी अरुंद चर असतात. शेतात पाणी साचू नये म्हणून चर काढतो तसं समजा: मधलं द्रव चरांमधून निघून जातं आणि पेशीचा माथा समोरच्या पृष्ठभागाला जवळजवळ थेट भिडतो. २००६ साली फेडर्ले, बार्न्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की बेडकाची गादी आणि काच यांच्यामध्ये उरणारा द्रवाचा थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ असतो. ओलं आहे पण निसरडं नाही, ते यामुळे.

तिसरं, त्यांनी फक्त षटकोन करून 'बघा, निसर्ग किती हुशार' असं म्हटलं नाही. चौकोनी, त्रिकोणी, समभुज चौकोनी आणि वेगवेगळ्या प्रकारचे षटकोनी सूक्ष्म खांब करून पाहिले. षटकोनी खांबांचं ओलं घर्षण नेहमीच्या मोठ्या दातांच्या नमुन्यापेक्षा सरस आलं. शिवाय ऊतीचं विरूपण, म्हणजे दबल्यामुळे तिचा आकार बदलणं, कमी झालं असंही ते सांगतात. फक्त घर्षण मोजून थांबले असते तरी पेपर छापून आला असता. ते एक पायरी पुढे गेले, त्याचं श्रेय द्यायला हवं.

आता प्रश्न

पहिला प्रश्न: तुलना कोणाशी? पेपर म्हणतो की तुलनेला नेहमीच्या मोठ्या दातांचा, थोडा फेरफार केलेला जबड्याचा नमुना घेतला. इथे पेन्सिलने खूण करा. ग्रास्परचा 'नेहमीचा' जबडा अशी एक गोष्ट बाजारात नाही. मगरीच्या जबड्यासारखे खोल दात असलेले आहेत, आतड्यासाठीचे बारीक खाचांचे आहेत, मध्ये खिडकी कापलेले आहेत, बॅबकॉकसारखे गोल घेरात धरणारे आहेत. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गटाने २०१४ साली जबड्यातल्या खिडक्या आणि पृष्ठभागाच्या खाचा यांचा ऊती धरून ठेवण्यावर काय परिणाम होतो यावरच एक अख्खा पेपर केला होता. म्हणजे 'नेहमीचा' या शब्दाच्या आतच इतके फरक आहेत. सूक्ष्म खांब खोल दातांना हरवतात आणि सूक्ष्म खांब आतड्याच्या खास ग्रास्परला हरवतात, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सर्जनच्या दृष्टीने दुसरं महत्त्वाचं, कारण आतड्यावर मगरीचे दात कोणी वापरत नाही.

दुसरा प्रश्न बेडकाचाच. बेडूक पानावर किंवा काचेवर बसतो तेव्हा मऊ कोण आणि कडक कोण? गादी मऊ, समोरचा पृष्ठभाग कडक. गादी स्वतः वाकते, मुरडते आणि समोरच्याला जाऊन भिडते. ग्रास्परमध्ये चित्र उलटं होतं. नक्षी अवजारावर, आणि मऊपणा समोरच्या ऊतीचा. आता वाकायचं काम ऊतीने करायचं आहे. चरातून द्रव निघून जाईल हे खरं, पण मऊ ऊती स्वतःच त्या चरांमध्ये शिरली तर? मग ते घर्षण बेडकासारखं राहिलं की पुन्हा बारीक दातांचं रुतणं झालं? शिवाय बेडकाच्या गादीवर दाब येतो तो त्याच्या काही ग्रॅमच्या शरीराचा. आपण वर काढलेले दाब त्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत. त्या दाबाला द्रव तसाही बाजूला ढकलला जात असेल, तर चरांचा फायदा कितपत उरतो? मला वाटतं, बायो-इन्स्पायर्ड पेपर वाचताना सगळ्यात उपयोगी सवय हीच: मूळ प्राणी ज्या स्थितीत ते काम करतो, ती स्थिती आणि आपल्या यंत्राची स्थिती दोन रकान्यांत लिहून काढायची. कोण मऊ, कोण कडक, दाब किती, वेग किती, द्रव कोणतं, सुटताना काय होतं. जिथे रकाने जुळत नाहीत तिथे उपमा संपते. तिथून पुढे मोजावं लागतं.

दिशेचाही मुद्दा यातच येतो. बेडकाच्या पायाचं घर्षण दिशेनुसार बदलतं हे लेखकांनी स्वतः पाहिलंय. बेडकाला ते सोयीचं आहे, त्याला उतरताना पाय सोलून काढायचा असतो. सर्जन मात्र एकच धरलेली ऊती आधी स्वतःकडे ओढतो, मग वर उचलतो, मग बाजूला वळवतो. एका दिशेला भक्कम आणि दुसऱ्या दिशेला कच्ची पकड असेल तर ती नेमकी वळवताना सुटेल.

तिसरा प्रश्न: विरूपण कमी म्हणजे इजा कमी का? ऐकायला सरळ वाटतं. पण ऊतीची इजा ही आकाराची गोष्ट नाही, पेशींची आहे. मऊ ऊतीत पाणी असतं, दाबल्यावर ते हळूहळू बाजूला सरकतं. सोडल्यावर ऊती वरून पूर्ववत दिसू शकते आणि आतल्या पेशी तरीही मेलेल्या असू शकतात. याची दुसरी बाजू पाहायची असेल तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्मिता डे, रोझेन, हॅनाफोर्ड आणि सहकाऱ्यांचं काम वाचा. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ रोबोटिक्स रिसर्च'मध्ये २००७ साली आलंय. त्यांनी मोटरवर चालणारा ग्रास्पर वापरून जिवंत डुकरांच्या यकृतावर, मूत्रवाहिनीवर आणि लहान आतड्यावर मोजून-मापून ताण दिला आणि नंतर ती ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. म्हणजे 'किती ताण' आणि 'किती इजा' ही जोडी त्यांनी थेट मोजली. पकड कशी सुधारायची हा त्यांचा विषय नव्हता.

दोन्ही पेपर शेजारी ठेवले की फट दिसते. चेन यांची साखळी आहे: पृष्ठभाग, घर्षण, विरूपण. डे यांची साखळी आहे: ताण, पेशींची इजा. पहिली साखळी जिथे संपते तिथे दुसरी सुरू होत नाही, मध्ये थोडं अंतर आहे. पहिल्या पेपरचा वाचक मात्र ते अंतर मनातल्या मनात उडी मारून पार करतो, कारण सारांशाचं पहिलं वाक्य इजेबद्दल आहे आणि शेवटचं विरूपणाबद्दल. लेखकांनी खोटं काहीच म्हटलेलं नाही. उडी आपण मारतो.

सगळ्यात मोठा प्रश्न

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वरच्या आकडेमोडीत आपण म्हटलं: गुणांक दुप्पट झाला की लागणारं बल निम्मं. 'लागणारं' या शब्दावर थांबा. लागणारं बल निम्मं झालं. लावलेलं बल?

लावलेलं बल जबडा ठरवत नाही. ते ठरवतो हँडलवरचा हात. हात आणि जबडा यांच्यामध्ये एक लांब दांडी आहे, सांधे आहेत, आणि पोटाच्या भिंतीतल्या पोर्टमधलं सील आहे. या सगळ्यात घर्षण होतं. बोटाला जे जाणवतं त्यात ऊतीचा वाटा किती आणि अवजाराचा किती हे वेगळं करणं कठीण. त्यातून हँडलला रॅचेट असेल, म्हणजे दाबलं की टक-टक करत अडकणारी दातेरी पट्टी, तर बहुतेक वेळा पकड रॅचेटच्या पायऱ्यांवर ठरते. ऊती निसटू नये ही भीती असतेच, म्हणून एक पायरी जास्त. धरून ठेवायचं काम अनेकदा सहाय्यकाकडे, म्हणजे शिकाऊ रेसिडेंटकडे असतं. त्याला तर 'सोडू नकोस' एवढंच सांगितलेलं असतं.

अशा हातात बेडकाच्या पायाचं टोक द्या. घर्षण दुप्पट झालंय हे हाताला कसं कळणार? कळलंच नाही तर तो पूर्वीइतकंच दाबेल. मग ऊतीवरचा दाब पूर्वीइतकाच, आणि वरून ती आता निसटणारही नाही. यात एक विचित्र शक्यता दडलेली आहे. निसटणं हा त्रास आहे खरा, पण तो एक प्रकारचा फ्यूजही आहे. फार जोरात ओढलं की ऊती फाटायच्या आधी जबड्यातून सुटते. घर्षण वाढवलं आणि बलावर मर्यादा घातली नाही, तर आपण तो फ्यूज काढून टाकला असं होऊ शकतं.

म्हणून 'ओलं घर्षण वाढलं की इजा कमी होईल' या वाक्याच्या मधोमध एक माणूस उभा आहे, आणि पेपरमध्ये तो दिसत नाही. त्याला गृहीत धरायचं नसेल तर दोन वाटा आहेत. एक, हँडलमध्येच स्प्रिंग किंवा तसं काही बसवायचं, म्हणजे ठरावीक बलाच्या पुढे जबडा दाबणारच नाही. दुसरी, हाताला बलाची जाणीव द्यायची. रोबोटिक सर्जरीत ही दुसरी वाट किती उशिरा उघडली बघा: दा विंची रोबोट अमेरिकेत २००० सालापासून पोटाच्या ऑपरेशनांसाठी मान्यताप्राप्त आहे, पण अवजाराच्या टोकाशी लागणाऱ्या बलाची जाणीव सर्जनच्या हातापर्यंत पोचवणारी सोय आली ती २०२४ साली मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये. मधली दोन दशकं सर्जन डोळ्यांनी ऊती किती ताणली जातेय ते पाहून बलाचा अंदाज बांधत होते.

टोकाचं डिझाइन आणि हँडलचं डिझाइन हे दोन वेगवेगळे प्रबंध म्हणून लिहिले जातात, त्याचा हा परिणाम. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने मात्र या शतकाच्या सुरुवातीलाच पकडीकडे एका नकाशासारखं पाहायला सुरुवात केली होती. एका अक्षावर ओढण्याचं बल, दुसऱ्यावर चिमटण्याचं बल. एका रेषेच्या खाली ऊती निसटते, दुसऱ्या रेषेच्या वर तिला इजा होते. मधला पट्टा सुरक्षित. हा नकाशा डोक्यात ठेवला की चेन यांच्या पेपरने काय केलं हे एका वाक्यात सांगता येतं: निसटण्याची रेषा खाली आणली. पट्टा रुंद झाला, हे खरं आणि मोलाचं. पण सर्जन त्या पट्ट्यात राहील की नाही, हे त्या रेषेवरून कळत नाही.

आणि ऑपरेशननंतर?

आपल्याकडच्या वाचकाने आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातलं पहिलं लॅप्रोस्कोपिक पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, ती अवजारं धुऊन पुन्हा वापरता येतात म्हणून. ग्रास्पर ऑपरेशननंतर घासला जातो, धुतला जातो, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत जातो आणि पुढच्या पेशंटसाठी ट्रेवर येतो. मोठ्या दातांच्या खाचांमध्ये अडकलेलं रक्त ब्रशने निघतं. मायक्रोमीटरच्या चरांमध्ये ब्रशचा केस जाणार कसा? तिथे सुकलेलं रक्त आणि प्रथिनं राहिली तर चर बुजतील. चर बुजले की द्रव निघून जाण्याची वाट बंद, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं तेच गेलं. संसर्गाचा धोका वेगळाच. यावर 'एकदा वापरून फेकून द्या' हे उत्तर असू शकतं, पण मग तो खर्च पेशंटच्या बिलात येणार. पृष्ठभागाच्या पेपरने हे सगळं सोडवायलाच हवं होतं असं मी म्हणत नाही. पण या विषयावर भारतात कोणी पीएचडी करत असेल तर पन्नास वेळा धुऊन-वाफवून झाल्यावर घर्षण किती उरलं, हा एक आलेख त्या प्रबंधात असायलाच हवा.

मग तुम्ही काय करायचं?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे जिवंत प्राण्यावर प्रयोग करायची सोय नसेल, एथिक्स कमिटीची परवानगी म्हणजे महिनोन्‌महिने. तुम्ही खाटकाकडून बकऱ्याचं आतडं आणणार आणि डिपार्टमेंटच्या यूटीएमवर ओढून पाहणार. त्यात कमीपणा काही नाही. निसटण्याची रेषा शोधायला ते चालतं, फक्त ऊती ताजी आणि ओली ठेवा, तापमान लिहा, किती वेळ दाबून मग ओढलं ते लिहा, आणि ओढण्याचा वेग लिहा. मऊ ऊतीचं घर्षण या सगळ्यावर बदलतं, त्यामुळे यांतलं एक जरी लिहायचं राहिलं तरी दुसऱ्याला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही. दिशा बदलूनही ओढा. पण त्या आतड्यात रक्त वाहत नाही. त्यामुळे इजेबद्दल तिथून फार बोलता येणार नाही. मेलेल्या ऊतीत सूज येत नाही, पांढऱ्या पेशी धावून येत नाहीत. तेव्हा निष्कर्षात 'ऍट्रॉमॅटिक' हा शब्द लिहू नका. 'कमी बलात निसटत नाही' एवढंच लिहा. व्हायव्हात याच शब्दावर तुम्हाला पकडलं जाईल, आणि पकडायलाच हवं.

जमलं तर एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये परवानगी काढून उभं राहा. आयआयटी मुंबईतल्या बेटिकसारख्या केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसतात, ते उगीच नाही. सर्जनकडे पाहू नका, सहाय्यकाच्या हाताकडे पाहा. तो किती वेळ धरतो, किती वेळा पुन्हा धरतो, कधी रॅचेट लावतो. तुमच्या प्रयोगात पकड पाच सेकंदांची असेल आणि तिथे ती वीस मिनिटांची असेल, तर तुमचा प्रयोग कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय हे तुम्हाला तिथेच कळेल.

आणि एक घरचा अभ्यास. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूतला कुठलाही एक ग्रास्परचा पेपर घ्या. कागदावर पाच शब्द लिहा: घर्षण, लागणारं बल, लावलेलं बल, ताण, इजा. पेपरने यांतलं काय खरोखर मोजलंय त्यावर गोल करा. काय फक्त गृहीत धरलंय त्याखाली रेघ ओढा. चेन यांच्या पेपरसाठी माझ्या कागदावर घर्षणाभोवती ठळक गोल आहे, विरूपण हा सहावा शब्द बाजूला लिहून त्याभोवतीही गोल आहे, आणि लावलेल्या बलाखाली रेघ आहे. तुमच्या रिव्ह्यूतल्या दहा-पंधरा पेपरांचे असे कागद टेबलावर मांडा. जो शब्द सगळीकडे रेघेखालीच राहिलाय, त्याच्यावर काम करता येईल का, हे गाईडला विचारायला जा.